निळ्या काठाची ताटली

ऑटर नॅरोज या आमच्या तळ्याकाठच्या आदिवासी गावात कुणी वारलं की आधी अर्लीनचा तवा तापतो, मग पाद्र्याला निरोप जातो. बारसं असो, लग्न असो, कुणाच्या पोराला शहरात नोकरी लागलेली असो, बॅनक, म्हणजे आमची गव्हाची जाड भाकरी, अर्लीनच्याच हातची. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढला, निवृत्त झाली, पण हातातली पळी काही सुटली नाही. बाई उंचीनं बेताची, अंगानं भरलेली आणि तोंडानं फटकळ. गावच्या प्रमुखाला भर सभेत "बस खाली, तुझी लंगोटी मी बदललीय" म्हणणारी ती एकटीच. आणि तो बसला बरं का खाली, मुकाट्यानं.

अशा बाईच्या घरात एक ताटली होती. तिच्यावरून मात्र तिनं कुणाला कधी चेष्टा करू दिली नाही.

आमच्याकडे जेवणावळ असली की पहिलं पान गेलेल्यांचं. सगळ्या पदार्थांतलं थोडं थोडं एका ताटात घ्यायचं, वडीलधाऱ्यानं तंबाखूची चिमूट ठेवून गेलेल्यांची नावं घ्यायची, आणि घरच्या बाईनं ते ताट झाडीत नेऊन ठेवायचं. नेताना मागं वळून बघायचं नाही. बघितलं की ते लाजतात, जेवत नाहीत. एका घराचं एक ताट, ही रीत. अर्लीनच्या घरची दोन. एक सगळ्यांचं, आणि दुसरी लहानशी, इनॅमलची, टवके उडालेली, निळ्या काठाची ताटली. ती एकट्या बिनेशीची. बिनेशी म्हणजे पाखरू. अर्लीनचा धाकटा भाऊ. मोठ्यांच्या गर्दीत एवढ्याशा पोराचा हात ताटापर्यंत कसा पोचणार, ते उपाशीच राहायचं, म्हणून आईनं त्याची वेगळी काढलेली.

बिनेशी चार वर्षांचा होता तेव्हा सरकारी गाडी आली. त्या काळात आमच्या मुलखात घराघरातून पोरं उचलून नेत होते. घर लहान आहे, बाप नाही, पोर अनवाणी फिरतं, कारण काहीही चालायचं. मग ती पोरं लांबलांबच्या गोऱ्या घरांत द्यायची आणि त्यांची नावंही बदलून टाकायची. त्या दिवशी आई आणि नऊ वर्षांची अर्लीन तळ्यापलीकडे ब्लूबेरी तोडायला गेल्या होत्या. बिनेशी आजारी आजीपाशी होता. दोघी परत आल्या तर आजी पायरीवर बसलेली, आणि वाळूत चाकांच्या खुणा. अर्लीनला त्या दिवसातलं एकच स्वच्छ आठवतं. बेरी खाऊन दोघींची तोंडं निळी झाली होती, आणि बोटीत त्या एकमेकींकडे बघून हसत आल्या होत्या.

आई दोन उन्हाळे शहरातल्या कचेरीत खेटे घालत राहिली. "पोर चांगल्या घरी आहे, बाई, तुम्ही जा आता," एवढंच तिला ऐकवत. तिसऱ्या हिवाळ्यात तिला स्वप्न पडलं. धुकं होतं, नुसतं दुधासारखं. त्या धुक्यात, पाण्याच्या पलीकडच्या काठावर, बिनेशी उभा. अनवाणी. बोलत नव्हता, रडत नव्हता, फक्त हात पुढं केलेला, तळवा वर. भुकेला होता. आई जागी झाली ती उठून बसली आणि म्हणाली, "मेला गं माझं पाखरू."

आमच्यात तसंच समजतात. स्वप्नात येऊन जेवण मागतात ते गेलेलेच. जिवंत माणूस कशाला मागेल, तो दार वाजवील. दुखवट्याच्या रीतीप्रमाणे आईनं आपली वेणी कापली. पुढच्या जेवणावळीला ती निळ्या काठाची ताटली घेऊन घरामागच्या बर्चच्या झाडाकडे गेली, आणि त्यानंतर शहरातल्या कचेरीत तिनं पाऊल टाकलं नाही. अर्लीन मोठी झाली, तिनंही कुठं विचारलं नाही. मेलेल्याला कोण शोधतं? मेलेल्याला जेवू घालायचं असतं. आई गेली तेव्हा शेवटी एवढंच म्हणाली, "त्याची ताटली चुकवू नकोस." अर्लीननं चुकवली नाही. सकाळी जाऊन बघावं तर ताटली लख्ख चाटलेली. कोल्ह्यानं चाटली की कुणी, ते तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

आता गंमत बघा. अर्लीनची लेक टॅनिस शहरात कामाला, आणि काम काय, तर नेलेल्या पोरांचा माग काढून त्यांना घरी आणायचं. पोरं कसली, केस पिकलेली माणसं. दर उन्हाळ्याच्या शेवटी टॅनिस अशांना घेऊन गावी येते. तळ्याकाठी तंबू पडतात. सकाळी सगळे गोल बसतात, गरुडाचं पीस हातोहात फिरतं, ज्याच्या हाती पीस त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दुपारी कुणी चामडं शिवायला शिकतं, कुणी आजीबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून नुसतं पडून राहतं. शेवटच्या दिवशी जेवणावळ, आणि अख्खं गाव रांगेत उभं राहून त्यांचे हात हातात घेतं: मी तुझा चुलता, मी तुझी मावसबहीण. या सगळ्यांना वर्षानुवर्षं रांधून घातलं ते अर्लीननं. लोकांचे भाऊ घरी आले, त्यांच्या पानात तिनं दोनदोनदा वाढलं, आणि आपल्या भावाची ताटली झाडाखाली ठेवून आली. आपला भाऊही असाच कुठं असेल, हे तिच्या मनात आलं नाही. कसं येणार, त्याचं तर ठरलेलं होतं.

आणि त्या उन्हाळ्यात टॅनिसचा फोन आला.

"आई, बसलीयस का तू?"

"मी कधी बसते? बोल काय ते."

"बिनेशीमामा जिवंत आहे. जुन्या कागदांत त्याचं नाव सापडलं."

तव्यावरची भाकरी जळली. अर्लीनच्या हातची भाकरी जळलेली गावानं पहिल्यांदा पाहिली. ती किती वेळ ओट्याला टेकून उभी होती, तिचं तिला कळलं नाही. आनंद झाला, नाही कसा? पण आनंदाच्या आधी दुसरंच मनात आलं. आपण त्याला मेला म्हणून सोडून दिलं. जितं पोर होतं, आणि आपण त्याला गेलेल्यांच्या पंगतीत बसवलं. आता त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

सांगायचंच नाही, असं तिनं ठरवलं. गावातल्या बायकांना दम भरला, "ताटलीचा शब्द जरी काढलात ना, तर माझ्या हातची भाकरी विसरा." हा दम लागू पडला. मोझेसमामा तेवढा राहिला. वय पंच्याऐंशीच्या पुढं, जेवणावळीत नावं घ्यायचा मान त्याचा, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही.

"मामा, तुम्हालाच सांगतेय."

"अगं, मी कशाला बोलतोय? माझ्या पोटात गेलेलं कधी बाहेर आलंय?"

"तुमच्या पोटात राहतं ते फक्त माझं मूस हरणाचं कालवण."

बिनेशी आला तो स्वतःची मोठी गाडी हाकत. आडव्या अंगाचा, पिकल्या केसांचा, डोक्यावर टोपी. आता नाव रसेल. लांब दक्षिणेकडे डुकरांच्या फार्मवर वाढलेला, पुढं ट्रक चालवायला लागलेला. दारात उभा राहून त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "नमस्कार, अर्लीनबाई."

अर्लीनबाई! तिला घरात जन्मात कुणी बाई म्हटलं नव्हतं. तिनं त्याचे कान बघितले. आईचे कान. बाहेर आलेले, पाळीला किंचित मुरड पडलेले. जवळ घ्यावं म्हणून हात उचलला आणि त्याच हातानं खुर्ची पुढं सरकवली. "बस. मासे आवडतात ना?"

"माफ करा, मी मासे खात नाही."

"आमच्या घरात जन्मलास आणि मासे खात नाहीस! आता काय, डुकरं कुठून आणू?" असं बोलून गेली आणि जीभ चावली. तो मात्र हसला. थोडंसंच, पण हसला. ते हसूही आईचंच होतं.

दोन दिवस तो पाहुण्यासारखा राहिला. ताट स्वतः धुवायचा, खुर्ची होती तिथं परत ठेवायचा. गोलात पीस त्याच्या हाती आलं की क्षणभर धरायचा आणि न बोलता पुढं द्यायचा. सकाळी सकाळी धक्क्यावर जाऊन बसायचा. तळ्यावर धुकं, पलीकडचा काठ असल्या-नसल्यासारखा, लून पक्षी कुठून तरी ओरडतो आणि त्याचं ओरडणं पाण्यावरून घसरत घसरत येतं, आणि त्या धुक्यात त्याची ती रुंद पाठ. अर्लीन खिडकीतून बघत राहायची. तिला वाटायचं, आईचं स्वप्न उलट्या बाजूनं आपण बघतोय. जोरात हाक मारली तर हे सगळंच विरून जाईल, या भीतीनं ती हाक मारत नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिनं त्याला रानतांदूळ काढायला नेलं. मागं उभी राहून ती बांबूनं नाव रेटत होती, तो पुढं बसून दोन हलक्या काठ्यांनी लोंब्या वाकवून झोडत होता. नावेचं पुढचं टोक त्याच्या वजनानं दबलेलं. "जरा श्वास धरून बस रे, नाहीतर तांदळाऐवजी तळंच घरी न्यावं लागेल," अर्लीन म्हणाली. चहूबाजूंनी माणूसभर उंच गवत, वर नुसतं आभाळ, आणि दाण्यांचा नावेत पडायचा बारीक आवाज. वारा नव्हता. वेळही थांबला होता म्हटलं तरी चालेल. तो काठ्या अशा मारत होता, जसं कुणी त्याला लहानपणीच शिकवून ठेवलं होतं.

मागं न बघताच तो बोलला. "अर्लीनबाई, एक विचारायचं होतं. त्यासाठीच आलोय खरं तर."

"विचार की."

"मला शोधलं होतं का कुणी?"

अर्लीनचा बांबू चिखलात रुतला.

"फार्मवर सांगायचे, तुझ्या लोकांनीच तुला देऊन टाकलं, कुणी विचारायलासुद्धा आलं नाही," तो म्हणाला. "मलाही ते खरंच वाटायचं. कारण मला इथलं काहीच आठवत नाही, फक्त एक आठवतं. आठवतं की स्वप्न आहे, देव जाणे, पण सारखं दिसायचं. एक बाई झाडीत चाललीय. पाठमोरी. मी मागून बघतोय. ती चाललीय, चाललीय, आणि एकदासुद्धा वळून बघत नाही. आई असणार. मला सोडून चाललेली."

दोन उन्हाळे शोधलं, हे सांगावं, तर पुढचा प्रश्न आलाच: मग? मग थांबलो. का थांबलो? तिनं बांबू उपसला, लांब कुठंतरी बघितलं आणि म्हणाली, "तो बघ, लून बुडी मारतोय."

त्यानं बघितलं. थोड्या वेळानं म्हणाला, "उद्या जेवण झालं की निघेन म्हणतो. रस्ता लांबचा आहे."

रात्रभर अर्लीनच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून तिनं नेहमीसारखं सगळं रांधलं: पिकरेल मासा, मूसचं कालवण, रानतांदूळ, ब्लूबेरीचा गोड रस, भाकऱ्यांची चळत. निळ्या काठाची ताटली आज न्यायची नव्हती. पण घरी एकटी फळीवर ठेवून जाणं तिच्यानं होईना. भाकऱ्यांच्या टोपलीत, फडक्याखाली, तिनं ती लपवून घेतली.

दुपारचं ऊन पाण्यावर पसरलं होतं. लांब टेबलांशी गाव बसलं, परत आलेली माणसं मधोमध. टॅनिसनं उभं राहून त्यांना सांगितलं, आता मोझेसआजोबा आपल्या गेलेल्या माणसांची नावं घेतील, त्यांचं वाढून झालं की आपण जेवू. ढोलावर हलकी थाप पडली. मोझेसमामानं डोळे मिटले, तंबाखूची चिमूट धरली आणि सुरुवात केली. त्याचा आवाज अशा वेळी म्हाताऱ्याचा राहत नाही. एकेक नाव सावकाश यायचं, आणि वाटायचं, ते ते माणूस झाडीतून बाहेर येऊन टेबलापाशी उभं राहिलंय. आजी आली. आई आली. बुडून गेलेले दोघे जुळे भाऊ आले. मामा आपल्याच तंद्रीत होता, वर्षानुवर्षांच्या सवयीनं जीभ पुढं चालली होती.

"आणि आमचं पाखरू, बिनेशी."

ढोल थांबला. मामानं एक डोळा उघडला. "अरे देवा," तो म्हणाला.

रसेलनं हातातला काटा हळूच टेबलावर ठेवला. ते नाव त्याचंच, हे टॅनिसनं त्याला शोधलं तेव्हाच सांगितलं होतं. आपलं तेवढंच तर होतं त्याच्याजवळ. तो उठला, खुर्ची होती तिथं परत सरकवली, आणि गाडीच्या दिशेनं चालू लागला.

"आई, जा ना!" टॅनिस ओरडली.

"जातेय! पण रिकाम्या हातानं जाऊ काय?" अर्लीन म्हणाली. फडकं फेकून तिनं ताटली काढली. मासा वाढला, भात वाढला, भाकरीचा तुकडा, कालवण, वर रस सांडला, सगळं एकमेकांत गेलं. आणि ती धावली. कित्येक वर्षांत तिला धावताना कुणी पाहिलं नव्हतं.

गाडीच्या दाराशी तिनं त्याला गाठलं.

"मेलोय मी?" तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "तुम्ही लोकांनी पुरून टाकलंत मला?"

"पुरलं नाही रे." तिला दम लागला होता. "ऐक. मी लपवलं, माझंच चुकलं, आता सगळं ऐक आणि मग जा हवं तर. शोधलं तुला. आईनं दोन उन्हाळे शोधलं. कचेरीच्या पायरीवर झोपली ती. मग तू तिच्या स्वप्नात आलास. अनवाणी, त्या काठावर, हात पुढं करून. भुकेला. आमच्यात तसं मेलेलेच येतात. तिनं ते धरलं मनात. मग नाही शोधलं. मीही नाही शोधलं. खोटं कशाला सांगू, नाही शोधलं आम्ही तुला."

त्यानं गाडीच्या दाराची मूठ सोडली नाही.

"पण उपाशी नाही ठेवलं," अर्लीन म्हणाली, आणि आता तिचे डोळे वाहायला लागले. "ही तुझी ताटली. प्रत्येक जेवणावळीला पहिलं तुझं वाढलं. आई होती तोवर आईनं, मग मी. त्या झाडाखाली नेऊन ठेवायचो."

रसेल ताटलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी भुकेलाच होतो. डुकरांचं आवरल्याशिवाय जेवण नाही, असं होतं तिथं. पहिले काही हिवाळे फार वाईट गेले." त्यानं वर बघितलं. "कुठलं झाड?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. घरामागचा बर्च, पांढरा, आणि त्यापलीकडे सगळी झाडीच झाडी, उन्हात धुरकट दिसणारी.

"कशी न्यायची ती? आई?"

"कशी म्हणजे? अशी दोन्ही हातांत धरून. सरळ. मागं न बघता. मागं बघितलं तर तू लाजशील, जेवणार नाहीस म्हणून..."

बोलता बोलता अर्लीन थांबली. तोही तिच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा असा झाला होता, जसा झोपेतून उठलेल्या पोराचा असतो, अजून पुरता इकडचा न झालेला.

"तिच्या हातात काहीतरी होतं," तो म्हणाला. "त्या बाईच्या. मागून मला दिसायचं नाही काय ते. पण कोपर दोन्हीकडे बाहेर आलेले असायचे. म्हणजे ती... ती जात नव्हती."

"नाही रे बाळा."

"वाढायला चालली होती."

"तुलाच वाढायला."

तो गाडीच्या पायरीवर मटकन बसला, आणि एवढा थोरला माणूस हमसाहमशी रडला. अर्लीननं त्याला रडू दिलं. टेबलांपाशी अख्खं गाव मान वळवून बघत होतं, आणि आपण बघत नाही असं दाखवत होतं. मोझेसमामा तेवढा काठी टेकत जवळ आला. "मी म्हातारा झालो," तो म्हणाला. "सवयीनं नाव गाळायचं राहून गेलं. तुझ्या बहिणीला सांग, माझं कालवण बंद करू नकोस."

रसेलनं बाहीनं तोंड पुसलं. दोन्ही हात पुढं केले. अर्लीननं ताटली त्याच्या हातात दिली, आणि देताना तिला वाटलं, ही पहिल्यांदाच कुणाच्या तरी हातात चाललीय.

"हे गेलेल्यांचं जेवण ना?" त्यानं विचारलं. "मी खाल्लं तर चालेल?"

"ज्याचं आहे तो स्वतः येऊन मागतोय," मामा म्हणाला, "मग आमच्या काय बापाचं जातंय? खा!"

त्यानं मासा उचलला. तोच, न खाणारा. बोटांनीच खाल्ला, भाकरी रसात बुडवून खाल्ली, कालवण पुसून घेतलं, अजिबात घाई न करता. तळ्यावरून वारा आला आणि बर्चची पानं सळसळली, बाकी सगळं होतं तिथं थांबलेलं. ताटली लख्ख झाली. इतकी वर्षं ती अशीच लख्ख सापडायची, पण ती अशी होताना अर्लीननं कधी पाहिली नव्हती. मागं वळून बघायचं नसायचं ना. आज ती बघत उभी होती, डोळे भरून.

रसेलनं मान वर केली, रिकामी ताटली पुढं धरली.

"ताई," तो म्हणाला, "अजून आहे का?"

"अजून आहे का म्हणे!" अर्लीन नाक पुसत वळली आणि टेबलांच्या दिशेनं सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडली, "अगं टॅनिस! बघत काय बसलीस, आण ते पातेलं इकडे!"